दादामियाँच्या कानातला भुंगा

"हमजा, बाहेर ये. आमचा नळ कागद खातोय."

दानेश्वरीनं खिडकीतून एवढंच सांगितलं आणि ती आली तशी पळाली. हमजानं पुस्तक पालथं ठेवलं. मे महिन्याची सुट्टी, दुपारचे चार, त्यात पाण्याचा दिवस. अशा वेळी दानेश्वरी थट्टा करणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पाण्याच्या दिवशी त्या गल्लीत कुणीच थट्टा करत नसे. सोलापुरातल्या त्यांच्या भागात पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचं, तेही दीड-दोन तास. तेवढ्यात पुढच्या पाच दिवसांचं भरून ठेवायचं.

दानेश्वरीचं घर गल्लीत अगदी शेवटी. तिची आजी मायाक्का नळाखाली रिकामी घागर धरून बसली होती. शेजारी नंदीश उभा होता. त्याच्या हातात कडक भाकरीचा तुकडा होता आणि तोंडात दुसरा.

"बघ आता," दानेश्वरी म्हणाली. तिनं वहीच्या कागदाचा कपटा नळाच्या तोंडाशी धरला आणि बोटं सोडली. कपटा खाली पडला नाही. नळाला चिकटून राहिला, मग मधोमध खोलगट झाला आणि सुर्रकन आत गेला.

"भूत हाय," नंदीश चावता चावता म्हणाला.

"भूत असतं तर त्यानं कागद कशाला खाल्ला असता? तू इथं उभा असताना?"

हमजानं नळाच्या तोंडाला तळहात लावला. कातडी हळूच आत ओढली गेली. त्यानं हात काढला, पुन्हा लावला. हमजाची एक खोड होती. जे दिसेल ते तो दोनदा पाहायचा, आणि दोनदा पाहूनही आपलंच काहीतरी चुकत असेल असं त्याला वाटायचं.

"मला वाटतं," तो म्हणाला, "म्हणजे, चुकत असेन कदाचित. पण पाणी संपलेलं नाही. कुणीतरी ते मधेच ओढून घेतंय. इतक्या जोरानं, की तुमच्या नळातली हवासुद्धा तिकडं चाललीय."

मायाक्कानं घागर खाली ठेवली.

"गेल्या पाण्याला दोन घागरी भरल्या. त्येच्या आदल्याला चार. आज थेंब न्हाय. पीठ काय थुंकी लावून मळू व्हय?" मायाक्का रोज शंभरावर कडक भाकऱ्या करायची. सात रस्त्यावरच्या दुकानांत त्या जायच्या, आणि त्यावरच आजी-नातीचं घर चालायचं. "आता ठरलं. येत्या पाण्याला नळ असाच राहिला तर मी वैरागला भावाकडं जाते. तितं हिरीला पाणी हाय. दानीचं नाव तितल्याच शाळंत घालीन."

दानेश्वरीनं नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. 

पाच दिवस होते त्यांच्या हातात.

*

खरं तर या गल्लीत पाणी ओढायची सोयच नव्हती. पूर्वी घरोघरी नळाला मोटर लावायचे. ज्याची मोटर दांडगी त्याची टाकी भरायची, बाकीच्यांच्या नशिबी फुसफुस. अखेर जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा झाल्यावर नंदीशचे आजोबा गुरुशांत अण्णा यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. देवाचं भस्म हातात घ्यायला लावून शपथ घातली, की यापुढं कुणी नळाला मोटर लावणार नाही. तेव्हापासून दर पाण्याच्या दिवशी अण्णा घरोघर जाऊन नळ तपासायचे. बरोबर तात्याबा असायचा. तो चावीवाला होता. लांब लोखंडी चावीनं जमिनीतला व्हॉल्व्ह फिरवून प्रत्येक गल्लीला पाणी सोडणं हे त्याचं काम.

शपथेनंतर दोन महिने मायाक्काच्या नळाला छान पाणी आलं. एप्रिलपासून ते आटत गेलं.

"अण्णांनी आजही सगळे नळ पाहिले," हमजा म्हणाला. "कुठंच मोटर नाही."

"मग तपासणाऱ्यांनाच तपासायला पाहिजे," दानेश्वरी म्हणाली. "तात्याबा. तो आपल्याला चावी कमी फिरवतो. दुसऱ्या गल्लीला जास्त. माझा संशय आहेच त्याच्यावर. माणूस कधी हसत नाही."

"हमजाचे अब्बापण हसत न्हाईत," नंदीश म्हणाला.

"तू गप की. खा."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीची पाळी होती. तिघंही एका उभ्या रिक्षाआड लपले. तात्याबा आला, चावी खाली सोडली आणि फिरवू लागला. दानेश्वरी बोटं मोजत होती. नऊ, दहा, अकरा. तात्याबानं चावी उपसली, घाम पुसला आणि मान न वळवता म्हणाला, "अकरा. तुमच्या गल्लीलाबी अकराच. मोजा की खुशाल, पर रिक्षामागं नगं. उन्हानं चक्कर येईल. हितं झाडाखाली या."

तिघं खाली माना घालून झाडाखाली गेले.

"मायाक्काचं पाणी शोधताय न्हवं?" तात्याबानं विचारलं. "मीबी शोधतोय. पाणी वाटंत कुटं लपून बसत न्हाय. कोणतरी पितंय. पर सगळ्या नळांखाली वाकून बघितलं, मोटर काय दिसंना. आन् कान लावावा तर कोपऱ्यावरच्या यंत्रमागांचा खडखडाट. मोटर असली तरी ऐकू यायची न्हाय."

तात्याबावरचा संशय गेला, पण तो हवेत विरला नाही. तो बाकीच्या घरांवर जाऊन बसला. परतताना हमजाला प्रत्येक दार जरा जास्तच घट्ट लावलेलं वाटू लागलं. ही बाई पडदा का ओढते आहे? त्या घरापुढची जमीन ओली कशी? ज्या माणसांना तो रोज सलाम करायचा, त्यांच्याकडं चोरून बघताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, पण बघणं काही थांबेना.

*

घरी वेगळंच प्रकरण चाललं होतं. हमजाचे आजोबा इलाहीबक्ष, ज्यांना सगळी गल्ली दादामियाँ म्हणायची, कानातून वायर काढून बसले होते.

चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर टॉवेल विणले होते. मागांच्या त्या आवाजानं बहुतेक विणकरांचे कान जातात, तसे त्यांचेही गेले होते. महिन्यापूर्वी एका शिबिरात त्यांना ऐकण्याचं यंत्र मिळालं. खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत वायर.

"नक्को मेरेकू ये डब्बा," दादामियाँ म्हणाले. "माणसाचा आवाज येत नाही. आत भुंगा बसलाय भुंगा. पंख्याखाली गेलो की घूं. मिक्सर लावला की घूं. कल तेरी अम्मी ने वो बिजली की नई शेगडी लगाई, तर असा ओरडला की मी उडालोच."

हमजानं डबी हातात घेतली. बाजूला एक छोटी कळ होती. तिला दोन जागा होत्या, एकीवर 'एम' आणि दुसरीवर 'टी'. कळ टीवर होती. हमजानं खोक्यातून घडी घातलेलं माहितीपत्रक काढलं. असली पत्रकं कुणी वाचत नाही. हमजा वाचायचा. दोनदा वाचायचा. वाचून झाल्यावर त्यानं दानेश्वरी आणि नंदीशला हाक मारली.

"विज्ञानाच्या तासाला आठवतं? तारेच्या गुंडाळीत चुंबक आत-बाहेर केलं की काटा हलायचा."

"आठवतं की," दानेश्वरी म्हणाली. "चुंबक हललं तर तारेत वीज. थांबलं की काटा शून्यावर."

"हं. आता ही डबी. कळ एमवर असली की ही माणसाचा आवाज पकडते. टीवर केली की आवाज बंद, आणि आतली एक तारेची गुंडाळी जागी होते. तिच्याजवळचं चुंबकत्व बदललं की तिच्यात वीज उठते आणि कानात आवाज येतो. म्हणून दादामियाँना माणसं ऐकू येत नव्हती आणि पंखा ऐकू येत होता."

"पंख्यात चुंबक असतं?"

"पंख्यात मोटर असते. मोटरमध्ये तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या. त्यातून वीज गेली की त्यांचं चुंबक बनतं. आणि आपल्या घरातली वीज एका दिशेनं जात नाही. सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं हेलकावे खाते. म्हणजे ते चुंबकत्व सारखं वाढतं, घटतं, उलटं होतं. चुंबक हातानं हलवायची गरजच नाही. जवळ दुसरी गुंडाळी नेली की तिच्यात आपोआप वीज येते. नव्या शेगडीतसुद्धा काचेखाली गुंडाळीच आहे. तिच्यामुळं भांड्याच्या तळात वीज उठते आणि भांडं तापतं. म्हणून तर अम्मीची अॅल्युमिनियमची पातेली तिच्यावर तापत नाहीत, लोखंडी बुडाचीच लागतात."

"बरं. पण आपल्याला काय त्याचं?"

हमजानं डबी उचलून धरली. "दगड, माती, विटा. यांतून आवाज नीट जात नाही, पण चुंबकत्व जातं. मोटर लपवली असेल, तर ती डोळ्यांना दिसणार नाही. कानाला ऐकू येणार नाही. पण या डबीला..."

"आईशप्पत," दानेश्वरी हळूच म्हणाली.

नंदीश खूश झाला. "मग आमच्या घरापासून सुरू करू. आमच्याकडं मोटर न्हाय तरी पाणी पार दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीत चढतंय. अज्जा म्हणतो, पुण्याईचा जोर हाय."

 हमजानं दानेश्वरीकडं पाहिलं, दानेश्वरीनं हमजाकडं. मायाक्काच्या नळातून पाणी वीतभर वर उडत नव्हतं, आणि दोन घरं सोडून ते दोन मजले चढत होतं. नंदीशच्या घरावर दुसरा मजला चढला तो मार्चमध्ये.

नंदीश त्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. त्याचं चघळणं थांबलं.

"माझा अज्जा चोर हाय म्हणता?"

"तसं नाही रे," हमजा म्हणाला. "फक्त बघायचं..."

"ज्यानं शपथ घातली, त्यालाच?" नंदीश उठला आणि दार न लावता निघून गेला.

तीन दिवस तो फिरकला नाही. हमजाला रात्री-अपरात्रीच नाही, अगदी भर दुपारी जेवतानासुद्धा तोच प्रश्न पडे. आपलं चुकलं असेल तर? टाकी लहान असेल, घर जरा सखल जागी असेल. एका माहितीपत्रकाच्या भरवशावर आपण मित्र घालवला. पण मग त्याला दानेश्वरीच्या दारातल्या गोणपाटात बांधलेले लोखंडी तवे दिसायचे. मायाक्कानं आवराआवर सुरू केली होती.

*

गुरुवारी चार वाजता तात्याबानं चावी फिरवली. गल्लीभर बादल्या वाजू लागल्या.

दादामियाँ डबीची कळ टीवर करून दारात उभे राहिले. आता त्यांच्याशी बोलून उपयोग नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. मागांच्या खडखडाटात विणकर तोंडानं बोलतच नाहीत. हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा असतात. दादामियाँनी नातवाला सकाळीच समजावलं होतं. मूठ म्हणजे भुंगा गप्प. एक बोट म्हणजे लांब. पाच म्हणजे जवळ.

कोपऱ्यावरच्या मागांजवळ तीन बोटं वर आली. ते बरोबरच होतं, तिथं मोटरी होत्याच. पुढं गेल्यावर दोन, मग एक, मग मूठ. विजेच्या खांबापाशी पुन्हा एक बोट, पुढं मूठ. नळामागून नळ गेले. मूठ, मूठ, मूठ. दानेश्वरी नखं खात होती. हमजाच्या मनात एक चोरटा विचार आला, की शेवटपर्यंत मूठच राहिली तर किती बरं होईल.

गुरुशांत अण्णांच्या कुंपणाशी एक बोट उठलं. पायरीशी दोन. आणि घराबाहेर, गटारीवर टाकलेल्या धुण्याच्या चौकोनी दगडाजवळ दादामियाँनी एका हाताची पाची बोटं पसरली, मग दुसऱ्याही हाताची.

"काय चाललंय, इलाहीबक्ष?" मागून आवाज आला. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर. गुरुशांत अण्णा तपासणीवर निघाले होते. मागं तात्याबा. "पाणी भरायचं सोडून दहा बोटं कुणाला दाखवता?"

दादामियाँना ऐकू आलं नाही. उत्तर दानेश्वरीनं दिलं. "त्यांना तुमच्या दगडाखाली मोटर ऐकू येतेय, अण्णा."

जवळच्या बादल्यांचा आवाज थांबला.

"बहिऱ्याला?" अण्णा हसले. दोघं-चौघं त्यांच्याबरोबर हसले. "चाळीस वर्षं मागावर कान घालवलेल्या माणसाला ऐकू येतं, आणि मला येत नाही?"

आता हमजानं बोलायला हवं होतं. तो पुढं झाला. गुंडाळीचं सांगितलं, कळीचं सांगितलं. सांगताना दोनदा अडखळला. "माझं चुकत असेल, अण्णा," शेवटी तो म्हणाला. "चुकलं तर सगळ्यांसमोर तुमचे पाय धरीन."

अण्णांचा चेहरा लाल झाला होता. पण माणूस डगमगला नाही. "तात्याबा, उचल तो दगड. होऊन जाऊ दे शहानिशा."

तात्याबा वाकला.

"थांबा," हमजा म्हणाला. या वेळी तो अडखळला नाही. "खाली मोटर असेल तर वीजही असेल, आणि सगळं ओलं आहे. आधी घराचा मेन स्विच बंद करा. नाहीतर हात लावू नका."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. दारात नंदीश उभा होता. तो केव्हापासून तिथं होता कुणास ठाऊक. त्यानं आजोबांकडं पाहिलं, हमजाकडं पाहिलं, आणि वळून आत गेला.

स्विचचा आवाज बाहेर कुणाला ऐकू आला नाही. पण दादामियाँची दहाही बोटं एकदम मिटली.

क्षणभर काहीच घडलं नाही. मग गल्लीच्या टोकाकडून नळ खोकल्यासारखा आवाज आला, आणि पाठोपाठ मायाक्काची हाक. "दाने, दुसरी घागर आण. पळ."

दानेश्वरी पळाली. दगड उचलायच्या आधीच सगळ्यांना उत्तर मिळालं होतं.

तात्याबानं तरी तो उचलला. खाली विटांचा चौकोनी खड्डा होता, आणि खड्ड्यात पोत्यात गुंडाळलेली निळी मोटर. शेजारी एक काळी डबी. "आपोआपवाली हाय," तात्याबा म्हणाला. "पाणी आलं की सुरू, टाकी भरली की बंद. बटण दाबायचीबी गरज न्हाय. आन् ही जोडाची वायर बघा, उघडीच. कोणतरी हितं उभं ऱ्हाऊन धुणं धुतलं असतं तर चिकटलं असतं."

अण्णा पायरीवर बसले. एकदम म्हातारे दिसले.

"मी बसवली नाही," ते म्हणाले.  "वरच्या मजल्याचं काम चाललं तेव्हा मी नातेपुत्याला होतो, लेकीच्या बाळंतपणाला. ठेकेदार फोनवर म्हणाला, अण्णा, पाणी चढेल, काळजी करू नका. आलो तर चढत होतं."

"दुसऱ्या मजल्यावर?" एक बाई म्हणाली. "आमच्याकडं ओट्यावर चढंना. तुमाला कधी नवल न्हाय वाटलं?"

अण्णांनी उघड्या खड्ड्याकडं पाहिलं. "वाटलं," ते म्हणाले. "म्हणूनच विचारलं नाही."

ते उठले आणि गल्लीच्या टोकाकडं चालू लागले. सगळे मागोमाग. मायाक्काच्या नळाला मनगटाएवढी धार लागली होती.

"मायाक्का," अण्णा म्हणाले, "शपथ मी घातली, आणि मोडली माझ्याच घरानं. लोकांच्या नळांखाली वाकून बघत फिरलो, आपल्या दगडाखाली..."

"अण्णा, नळ चालू हाय," मायाक्का मान वर न करता म्हणाली. "बोलणं मागनं. ती बादली सरकवा हिकडं."

आणि अण्णांनी बादली सरकवली. मग दुसरी. धोतर भिजेपर्यंत ते भरलेल्या घागरी आत नेऊन ठेवत राहिले. घरातलं शेवटचं पातेलं भरल्यावर त्यांनी सगळ्यांकडं वळून सांगितलं, "मोटर आजच उपसून टाकतो. आणि तपासणी करायला पुढच्या पाण्यापासून मी जाणार नाही. इलाहीबक्ष जातील. सुरुवात माझ्या घरापासून करायची. ही पोरं बरोबर असतील. आपल्यापेक्षा त्यांना जास्त दिसतं."

"आन् मोजायलाबी येतंय," तात्याबा म्हणाला, आणि चक्क हसला.

नंदीश भिंतीला टेकून उभा होता. हमजा त्याच्याजवळ जाऊन तसाच टेकला.

"स्विच मी बंद केला," नंदीश म्हणाला.

"सगळ्यांनी पाहिलं."

"माझा अज्जा चोर न्हाय."

"नाही," हमजा म्हणाला. "मी फार वाईट वाईट विचार केले रे. त्यांना नुसतं विचारायला हवं होतं, हे मला सुचलंच नाही."

"मीबी त्याच टाकीचं पाणी पितोय," नंदीश जमिनीकडं बघत म्हणाला. "मी तरी कुटं विचारलं?" मग त्यानं खिसा चाचपला, कडक भाकरीचा तुकडा काढला, मधोमध मोडला आणि अर्धा हमजाला दिला.

एवढ्यात दादामियाँनी डबीची कळ एमवर केली. इतका वेळ त्यांच्या कानात फक्त भुंगा होता, आणि आता एकाएकी सगळी गल्ली बोलत होती. ते गोंधळून एकेकाच्या तोंडाकडं पाहू लागले.

"क्या बोल रहे सब?" त्यांनी विचारलं.

"म्हणतायत, गल्लीत सगळ्यांत चांगले कान तुमचे," दानेश्वरी म्हणाली.

"हौ?" दादामियाँ म्हणाले. "फिर से बोल. आता ऐकू येतंय."

ती पुन्हा म्हणाली. मग तिनं भीत भीत आजीकडं पाहिलं. "आज्जी, वैरागला कधी जायचं?"

मायाक्कानं गोणपाटाची गाठ सोडली, तवा काढून चुलीवर ठेवला आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं.

"दिवाळीत," ती म्हणाली. "भाऊबीजंला. आता पाणी वत, दाने. उद्या सात रस्त्याला शंभर भाकऱ्या द्यायच्या हायत."